घटपर्णीच्या पानांचा वर्णविकार : निदानाचा इतिहास आणि शब्दांची साक्ष

या निबंधाच्या शीर्षकातील 'वर्णविकार' हा शब्द व्याकरणाच्या विद्यार्थ्यास निरुक्ताच्या परंपरेतून परिचित आहे. वर्णागम, वर्णविपर्यय, वर्णविकार आणि वर्णनाश असे शब्दांच्या स्थित्यंतराचे प्रकार आपण शिकवितो, तेव्हा वर्ण म्हणजे ध्वनी असतो. येथे मात्र वर्ण म्हणजे रंग, आणि ज्याला विकार झाला आहे ते एका वनस्पतीचे पान होय. विषय वनस्पतिशास्त्राचा असला तरी भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे यास एक कारण आहे. 'लक्षण' हा शब्द आपल्याकडे दोन शास्त्रांना समान आहे. वैद्य ज्याला लक्षण म्हणतो ते रोगाचे चिन्ह. नैयायिक ज्याला लक्षण म्हणतो ती पदार्थाची व्याख्या. चिन्हाला व्याख्या समजणे हा प्रमाद या दोन अर्थांच्या मधल्या वाटेवर सहज घडतो. 'पान पिवळे पडले आहे' हे विधान चिन्हाचे आहे. 'झाडाला पिवळेपणाचा रोग झाला आहे' हे विधान वरवर पाहता तेच सांगते. पण त्यात चिन्हालाच कारणाच्या जागी बसविलेले असते.

हा प्रमाद तपासण्यासाठी घटपर्णीइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. घटपर्णी म्हणजे शास्त्रज्ञांचे नेपेंथिस. या वंशाच्या दीडशेहून अधिक जाती आज ज्ञात आहेत. पश्चिमेस मादागास्कर व सेशेल्स बेटे, मध्ये श्रीलंका आणि मेघालय, पूर्वेस मलाया, सुमात्रा, बोर्निओ, फिलिपाईन्स, न्यू गिनी, उत्तर ऑस्ट्रेलिया व न्यू कॅलिडोनिया असा तिचा विस्तार आहे. बहुतेक जाती वेलीसारख्या वाढतात. पानाचे पाते पुढे निमुळते होऊन त्याचा तणावा बनतो आणि तणाव्याच्या टोकाशी झाकण असलेला एक घट तयार होतो. घटाच्या काठावरून घसरून आत पडलेले कीटक तेथील द्रवात मरतात, विरघळतात आणि त्यांच्यातील नत्र व अन्य द्रव्ये वनस्पती शोषून घेते. निकस जमिनीत राहण्यासाठी तिने शोधलेला हा मार्ग आहे. युरोपीयांनी गेल्या दोन शतकांत ही वनस्पती मोठ्या हौसेने काचगृहांत वाढविली आणि तितक्याच मोठ्या संख्येने गमावलीही. तिच्या पानांचा रंग बदलला की त्याचा अर्थ कसा लावला जात असे आणि कसा लावावयास हवा, याचा मागोवा पुढे घेतला आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच की, या इतिहासातील बऱ्याच चुका डोळ्यांच्या नसून शब्दांच्या होत्या.

१. फूल की पान?

युरोपीय ग्रंथांत या वनस्पतीचा पहिला उल्लेख मादागास्करचा फ्रेंच गव्हर्नर एत्येन द फ्लाकूर याच्या १६५८ मधील ग्रंथात येतो. पानाच्या टोकाशी झाकणासह लहानशा भांड्याच्या आकाराचे पोकळ फूल किंवा फळ लागते, असे वर्णन त्याने केले. ते तोडले तर त्या दिवशी पाऊस पडतो अशी तेथील लोकांची समजूत होती, हेही त्याने नोंदविले आहे. येथे 'फूल किंवा फळ' हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पाहणाऱ्याने वस्तू नीट पाहिली होती. तिला कोणत्या वर्गात घालावे एवढेच त्याला ठरविता आले नाही.

पुढे सिंहलद्वीपातून ही वनस्पती हॉलंडमधील विद्वानांना ठाऊक झाली. सिंहली भाषेतील तिचे 'बांदुरा' हे नाव त्या काळच्या लॅटिन ग्रंथांत शिरले. जर्मनीत जन्मलेला आणि डच कंपनीच्या चाकरीत आंबोयना बेटावर आयुष्य घालविलेला रुम्फिउस याने तिला 'कँथारिफेरा', म्हणजे पेला धारण करणारी, असे म्हटले; त्याचा ग्रंथ मात्र त्याच्या मृत्यूनंतर चार दशकांनी छापला गेला. शेवटी लिनियसने १७३७ मध्ये होमरच्या महाकाव्यातून शब्द उचलला. हेलेन मद्यात जे दुःखहारक औषध मिसळते त्याचे विशेषण 'नेपेंथेस', म्हणजे 'शोक नसलेले', असे आहे. दीर्घ प्रवासानंतर ज्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीस हे आश्चर्य पडेल तो आपले सारे क्लेश विसरेल, असा त्याचा अभिप्राय होता. १७५३ मध्ये त्याने श्रीलंकेतील जातीस 'डिस्टिलेटोरिया', म्हणजे अर्क गाळणारी, हे जातिनाम दिले. अशा रीतीने या वनस्पतीचे शास्त्रीय नाव तिच्याविषयी काहीच सांगत नाही. ते पाहणाऱ्याच्या मनःस्थितीविषयी सांगते.

ज्या लोकांच्या अंगणात ही वनस्पती उगवते त्यांची नावे अधिक बोलकी आहेत. मलायी भाषेत ती 'पेरिउक केरा', म्हणजे वानराचे मडके. मेघालयात गारो लोक तिला 'मेमांग-कोक्सी', म्हणजे भुताची टोपली, म्हणतात. जैंतिया लोकांत 'क्सेत फारे', म्हणजे झाकणाचे माशी-जाळे, असे नाव आहे. खासी लोकांत ती 'त्यू-राकोत', म्हणजे राक्षसाचे फूल. एकाच प्रदेशात टोपली, जाळे आणि फूल अशा तीन कल्पना शेजारी शेजारी नांदतात. त्यांपैकी जाळ्याच्या नावात घटाचे कार्य सांगितले आहे. हूकर व डार्विन यांनी हे कार्य शास्त्राच्या कक्षेत आणावयास १८७४-७५ साल उजाडले.

आपला 'घटपर्णी' हा शब्द पाठ्यपुस्तकांसाठी घडविलेला असला तरी त्यात एक महत्त्वाचा निर्णय सामावलेला आहे. घट हे फूल नाही, पर्ण आहे, असे तो सांगतो. जोसेफ डाल्टन हूकर याने १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घट हा पानाच्या अग्रभागीच उद्भवतो हे दाखविले. नंतरच्या अनेक रचनाशास्त्रज्ञांनी याहून पुढे जाऊन असे मानले की, घट हेच खरे पर्णपत्र असून ज्याला आपण पाते म्हणतो तो पानाचा विस्तारलेला तळ आहे.

हा वाद निव्वळ पांडित्याचा नव्हे. घटाला फूल म्हटले की त्याचे तपकिरी होणे हे 'कोमेजणे' ठरते व कोणी चिंता करीत नाही. त्याला पान म्हटले की तेच तपकिरी होणे 'रोग' ठरते व औषधांची बाटली बाहेर निघते. वस्तुस्थिती या दोहोंहून भिन्न आहे. पाते, तणावा आणि घट या तीन भागांचे आयुष्य सारखे नसते. पाते हिरवेगार असताना घट काठापासून सुकत जातो ही सामान्य घटना आहे. त्याचे वय झालेले असते, अथवा हवा कोरडी झालेली असते. घट न धरता तणाव्याचे टोक काळे पडून वाळते तेव्हाही पुष्कळदा हवेतील ओलावाच कमी पडलेला असतो. म्हणून रंग बदलला आहे असे म्हणताना या तिहींपैकी कशाचा, हे प्रथम सांगावयास हवे. 'पान' या एका शब्दाने ते सांगता येत नाही.

२. 'उष्ण' कटिबंध

इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाला आणि काचगृह ही सरदारांची मिरास राहिली नाही. नॅथनिएल वॉर्ड या वैद्याने शोधलेल्या बंद काचपेटीमुळे जिवंत रोपे समुद्रमार्गे आणणे त्यापूर्वीच शक्य झाले होते. चेल्सी येथील वीच यांच्या रोपवाटिकेने थॉमस लॉब, फ्रेडरिक बर्बिज आदी संग्राहकांना पूर्वेकडे पाठविले. तेथील जॉन डॉमिनी याने तयार केलेला घटपर्णीचा पहिला संकर १८६२ च्या सुमारास लोकांसमोर आला. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे ही घटपर्णीच्या हौसेची भरती होती.

ज्या गृहात ही रोपे ठेवीत त्यास तेथील माळी 'स्टोव्ह' म्हणत. कोळशाच्या भट्टीने तापविलेल्या नळांतून गरम पाणी खेळवून ते गृह अहोरात्र उष्ण व दमट ठेवले जाई. त्यामागील तर्क सरळ होता : वनस्पती उष्ण कटिबंधातली आहे, म्हणून तिला उष्णता हवी.

येथे शब्दाकडे क्षणभर पाहू. इंग्रजीतील 'ट्रॉपिकल' या विशेषणाचे मूळ ग्रीक 'त्रोपे', म्हणजे वळण, हे आहे. सूर्य ज्या वृत्तांवरून मागे वळतो त्यांच्या मधला प्रदेश एवढाच त्याचा अर्थ. आपल्या 'अयन' या कल्पनेशी तो जुळतो. उष्णतेचा त्यात गंधही नाही. प्राचीन ग्रीक भूगोलवेत्त्यांनी पृथ्वीचे जे पट्टे कल्पिले त्यांतील जळत्या पट्ट्याची कल्पना पुढे या शब्दाला चिकटली. मराठीत आपण 'उष्ण कटिबंध' म्हणतो, तेव्हा तर उष्णता शब्दाच्या दर्शनी भागातच येऊन बसते. इंग्रज माळ्याला जो अर्थ परंपरेने चिकटला होता तो आपल्याला समासातच मिळतो.

आता बोर्निओतील किनाबालू पर्वताकडे पाहावे. त्याची उंची ४०९५ मीटर. ह्यू लो याला १८५८ मध्ये या पर्वतावर घटपर्णीची अत्यंत मोठ्या घटाची एक जाती आढळली, आणि १८५९ मध्ये हूकरने सारावाकचा राजा जेम्स ब्रुक याच्या सन्मानार्थ तिचे 'राजा' असे नामकरण केले. ही जाती सुमारे १५०० ते २६५० मीटर उंचीवर आढळते. उंचीच्या दर हजार मीटरला तापमान साधारणपणे सहा अंश सेल्सिअसने उतरते. म्हणजे २००० मीटरवरची हवा त्याच अक्षांशावरील किनाऱ्यापेक्षा बारा-तेरा अंशांनी थंड असते, आणि रात्री ती आणखी उतरते. याच बेटाच्या किनारपट्टीतील दलदलीत 'बायकॅल्करेटा' ही दुसरी जाती उबदार रात्रीतच वाढते. नकाशावर दोघींचे अक्षांश जवळजवळ सारखे आहेत; हवामानाच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या देशांतल्या आहेत.

बर्बिजने १८७८ मध्ये 'राजा' जातीचे बी इंग्लंडला आणले. त्यातून रोपे झाली, त्यांचे कौतुक झाले, परंतु ही जाती लागवडीस कठीण म्हणूनच प्रसिद्धी पावली. पर्वतावरील घटपर्णीला रात्रीची थंडी मिळाली नाही तर नवे पान आधीच्या पानापेक्षा लहान येते, त्याचा हिरवा रंग फिका पडतो, घट धरत नाहीत, आणि काही महिन्यांत रोप क्षीण होते. ज्या माळ्याच्या मनात 'उष्ण कटिबंध' हा शब्द पक्का बसला आहे तो अशा फिक्या पानाकडे पाहून भट्टीत आणखी कोळसा घालण्याचाच विचार करील. त्याची दृष्टी अधू नव्हती. त्याने फिकेपणा पाहिला होता. कारण मात्र त्याला शब्दाने आधीच पढविले होते.

आर्किडांच्या बाबतीत हीच चूक आधी घडली होती. अँडीज पर्वतातील आर्किडे तापलेल्या गृहांत शेकड्यांनी मेली, आणि १८६० नंतरच्या काळात जेम्स बेटमन याच्यासारख्या जाणकारांनी थंड लागवडीचा पुरस्कार केल्यावर परिस्थिती सुधारली. घटपर्णीच्या वाट्याला हे शहाणपण फार उशिरा आले. वीच यांची चेल्सीची रोपवाटिका १९१४ मध्ये बंद झाली. महायुद्धाच्या काळात काचगृहे तापविणे परवडेनासे झाले. जातींची 'सखल प्रदेशातील' व 'उंच प्रदेशातील' अशी विभागणी लागवडीचा पाया म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. ही विभागणी म्हणजे एका शब्दाच्या जागी दोन शब्द आले एवढेच. पण त्या दोन शब्दांनी वाचविलेली रोपे थोडी नाहीत.

३. हिरवा आणि पिवळा

आता रंगवाचक शब्दांकडे वळू. पानाच्या पिवळेपणास शास्त्रात 'क्लोरोसिस' म्हणतात. ग्रीक 'ख्लोरोस' या विशेषणाचा अर्थ हिरवा असाही होतो आणि फिकट पिवळा असाही होतो. सतराव्या शतकात वैद्यांनी हा शब्द तरुण मुलींच्या एका पांडुरोगासाठी वापरण्यास आरंभ केला. वनस्पतींना तो मागाहून लावण्यात आला. १८१८ च्या सुमारास पेलेतिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनवेत्त्यांनी पानातील हिरव्या द्रव्यास 'क्लोरोफिल' हे नाव दिले. म्हणजे हिरवेपणा देणारे द्रव्य आणि हिरवेपणा हरविण्याचा रोग, दोन्ही एकाच धातूतून जन्मले.

संस्कृतातही असेच आहे. 'हरि' आणि 'हरित' या शब्दांत पिवळसर, पिंगट व हिरवा या तिन्ही छटा येतात. 'हरिताल' हे पिवळे खनिज आहे आणि 'हरिद्रा' म्हणजे आपली हळद. 'हरित', ग्रीक 'ख्लोरोस' आणि इंग्रजी 'यलो' हे शब्द एकाच मूळ भारोपीय धातूपासून निघाले आहेत, हे तौलनिक भाषाशास्त्राने निश्चित केले आहे. हिरव्या व पिवळ्याची सीमा त्या मूळ धातूत आखलेलीच नव्हती. निदान करणाऱ्याला मात्र नेमकी तीच सीमा ओळखावी लागते.

'पाण्डु' या शब्दाची कथा याहून बोधप्रद आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकातील बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय लिहिला. त्यात थंडी, वारा व ऊन यांमुळे वृक्षांना रोग होतात असे सांगून त्यांच्या लक्षणांत 'पाण्डुपत्रता' दिली आहे. त्याचबरोबर कोंब न वाढणे, फांद्या सुकणे व रस पाझरणे हीही लक्षणे आहेत. पाण्डु म्हणजे फिकट पिवळा. परंतु त्याच कुळातील 'पाण्डुर' शब्दापासून आपला 'पांढरा' झाला, आणि पांढरा म्हणजे शुभ्र. आजचा मराठी वाचक पाण्डुपत्रता म्हणजे पाने पांढरी पडणे असे समजला तर त्याच्या डोळ्यांसमोर भुरीची बुरशी उभी राहील. मूळ लेखकाला ती अभिप्रेत नव्हती. येथे अर्थाचे स्थित्यंतर निदानाचे स्थित्यंतर होऊन बसते. तथापि वराहमिहिराने कारण म्हणून प्रथम कीड किंवा दैव न सांगता थंडी, वारा व ऊन सांगितले, ही गोष्ट घटपर्णी पाळणाऱ्याने आजही मनावर घ्यावी अशी आहे.

आपल्या शेतकऱ्याच्या भाषेतला 'केवडा' हा शब्द पाहा. केवड्याच्या कणसासारखी पाने पिवळसर पांढुरकी झाली की तो 'केवडा पडला' म्हणतो. उसावरचा केवडा बहुधा लोहाच्या अभावाने येतो. द्राक्षावरचा केवडा बुरशीसारख्या सूक्ष्म जीवाने येतो. शब्द एक, रंग जवळपास एक, कारणे सर्वस्वी भिन्न. उसाला बुरशीनाशक फवारले किंवा द्राक्षाला लोहाचे क्षार दिले तर खर्च होईल, गुण येणार नाही. उलट 'तांबेरा', 'करपा' व 'मर' हे शब्द रंगाबरोबर पोत, व्याप्ती किंवा परिणाम सांगतात, म्हणून ते निदानाला अधिक जवळचे आहेत.

लोहाचा हा संबंध कसा कळला? १८४३-४४ मध्ये युसेब ग्री या फ्रेंच संशोधकाने पिवळ्या पडलेल्या पानांना लोहक्षारांचे पातळ द्रावण लावले. जेथे द्रावण लागले तेथे पान पुन्हा हिरवे झाले. त्यापूर्वीच पिएर ब्लो या वैद्याच्या लोहयुक्त गोळ्यांनी माणसांतील 'क्लोरोसिस' बरा होऊ लागला होता. एका रूपकाने जोडलेल्या दोन रोगांना एकच औषध लागू पडावे हा योगायोग विलक्षण खरा. परंतु त्यामुळे पिवळेपणा म्हणजे लोहाचा अभाव असे समीकरणही रूढ झाले, आणि समीकरण रूढ झाले की निरीक्षण थांबते.

४. निदानपंचक

आयुर्वेदात रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. येथे 'निदान' म्हणजे मूळ कारण; रोगनिश्चय हा त्याचा व्यापक अर्थ. आपण मराठीत केवळ दुसरा अर्थ ठेवला. घटपर्णीच्या पानांना ही पाच साधने लावून पाहिली तर आजचे वनस्पतिशास्त्र त्यांत सहज बसते.

रूप म्हणजे प्रकट चिन्ह. ते सांगताना रंगाआधी स्थान सांगावे. जुने, खालचे पान पिवळे होऊन गळत असेल आणि वरचे पान निरोगी असेल, तर ते बहुधा वयाचे लक्षण. खालची अनेक पाने एकामागून एक फिकी पडत असतील तर नत्र किंवा मॅग्नेशियम यांची उणीव संभवते, कारण ही द्रव्ये वनस्पती जुन्या पानातून काढून नव्याकडे नेऊ शकते. याउलट नवे पान शिरांच्या मध्ये पिवळे आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाचा संशय घ्यावा. लोह जुन्या पानातून सहज हलत नाही. सूर्याकडील बाजूसच फिके अथवा तपकिरी चट्टे असतील तर उन्हाचा चटका. टोके जळाली असतील तर खताचे वा क्षारांचे आधिक्य. रुपेरी ओरखडे फुलकिड्यांचे, बारीक पिवळे ठिपके कोळ्यांचे, पानाच्या बगलेतील कापसासारखे पुंजके पिठ्या ढेकणांचे. वाढत जाणारे, पिवळ्या कडेचे गोल डाग बुरशीचे असू शकतात.

एका बाबतीत घटपर्णी अनुभवी माळ्यालाही फसविते. तिची मुळे स्वभावतः बारीक व काळपट असतात. पाने पिवळी पडली म्हणून कुंडी उपसून पाहणारा ही काळी मुळे पाहतो, 'मूळकूज' असा निर्णय देतो, मुळे छाटतो आणि निरोगी रोपाला खरोखरच रोगी करतो. येथेही 'मुळे काळी म्हणजे कुजलेली' हे इतर झाडांवरून घेतलेले लक्षण व्याख्या म्हणून वापरले गेले.

पोषणाच्या बाबतीत या वनस्पतीची आणखी एक विशेषता ध्यानात ठेवावयास हवी. तिच्या नत्राचा मोठा भाग मातीतून न येता घटातून येतो. बोर्निओतील 'रॅफ्लेसियाना' जातीच्या वनस्पतींना भक्ष्यापासून वंचित ठेवून त्यांच्या पानांवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजण्याचा प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. उपाशी रोपांच्या पानांत पोषणाचा ताण प्रकाशाच्या मापनातून दिसून आला. पानाचा रंग कारणाविषयी बोलू शकतो, पण तो मोजून, तुलनेसाठी दुसरे रोप शेजारी ठेवून आणि एकच परिस्थिती बदलून विचारला तरच, असा याचा बोध आहे.

उपशय म्हणजे उपचार करून, त्याचा गुण पाहून केलेली परीक्षा. ग्री याचा प्रयोग हा शुद्ध उपशय होता. या संदर्भात प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव नोंदविण्यास हरकत नसावी. काही वर्षांपूर्वी त्याने एका रोपवाटिकेतून संकरित घटपर्णीचे एक रोप आणले व पुण्यात घराच्या खिडकीत ठेवले. पाणी कूपनलिकेचे होते. तीन महिन्यांत नवी पाने शिरांमध्ये पिवळी पडली. रोपवाटिकेतून 'खत कमी पडते आहे' असा सल्ला मिळाला, खत दिले, पानांची टोके जळाली. मग जागा बदलली, पाणी वाढविले, औषधही फवारले. या सगळ्या उपायांपैकी कोणता हानिकारक होता हे कळण्याआधीच रोप गेले. कुंडीच्या कडेला जमलेला पांढरा थर मात्र आरंभापासून समोर होता. पाण्यातील चुना माध्यमाची आम्लता नाहीशी करीत होता, आणि लोह असूनही मुळांना ते घेता येत नव्हते. चुनखडीच्या जमिनीतील उसावर केवडा पडतो तो याच न्यायाने. पावसाचे साठविलेले पाणी एवढाच उपाय करून थांबले असते तर उत्तर मिळाले असते. एका वेळी चार गोष्टी बदलणारा माणूस रोगावर उपचार करीत नसतो. तो पुरावा नष्ट करीत असतो.

५. मेघालयातील जाती

हा इतिहास आपल्या देशाशी येऊन भिडतो तो खासी, जैंतिया व गारो टेकड्यांत. भारतात निसर्गतः घटपर्णीची एकच जाती आढळते. हूकरने १८५० मध्ये खासी टेकड्यांत प्रवास केला होता. १८७३ मध्ये त्याने या जातीचे 'खासियाना' या नावाने वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी बेलफास्ट येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे त्याने घटपर्णीच्या घटांत अंड्याचा पांढरा बलक, मांस इत्यादी टाकून केलेल्या प्रयोगांचे कथन केले, आणि घट हे पचनाचे साधन असल्याचे जाहीर केले. १८७५ मध्ये डार्विनचा कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ आला. कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवे पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास या ग्रंथाचा विषय परका नाही. घटपर्णीसाठी मात्र त्याला मेघालयात जावे लागते.

खासियाना साधारणतः ५०० ते १५०० मीटर उंचीवर, निकस आम्लधर्मी जमिनीत वाढते. उघड्या उतारावर, भरपूर उजेडात तिची पाने व घट तांबूस होतात. हा तांबडेपणा अँथोसायनिन या रंगद्रव्याचा आहे आणि तीव्र प्रकाशात तो येणे स्वाभाविक आहे. घनदाट सावलीत तीच पाने गर्द हिरवी, लांबट होतात. पाहणाऱ्याला ती 'टवटवीत' वाटतात, पण घट धरण्याचे प्रमाण घटते. आपल्या भाषेत हिरवेपणा आणि आरोग्य हे जवळजवळ समानार्थी आहेत. 'हिरवेगार' हे स्तुतिवाचक विशेषण आहे. या वनस्पतीच्या बाबतीत मात्र सर्वांत हिरवे रोप हे सर्वांत उपाशी रोप असू शकते. आणि रंग केवळ माणसासाठी नसतात. तिरुवनंतपुरमजवळील जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले की, अतिनील किरणांत खासियानाच्या घटाचा काठ निळसर प्रकाशतो आणि त्याचा कीटकांना आकर्षित करण्याशी संबंध आहे. आपल्या रंगवाचक शब्दांच्या बाहेरही रंग आहेत.

ही जाती आज संकटग्रस्त गणली जाते. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कठोर निर्बंध असून ती तत्संबंधी कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा येथे तिच्यासाठी राखीव क्षेत्र आहे. खाणकाम, वणवे, फिरती शेती आणि रोपांची चोरटी विक्री यांनी तिचे क्षेत्र आक्रसले. म्हणून उद्यानांत व प्रयोगशाळांत तिची रोपे राखली जातात. अशा रोपाच्या पानाचे चुकीचे निदान म्हणजे हौशी माणसाचा एका कुंडीपुरता तोटा नव्हे. आणि टेकडीवरील रोपे पिवळी पडू लागली असता त्यास 'रोग' असे नाव देऊन स्वस्थ बसणे याहूनही वाईट. कारण रोग हा शब्द कारण रोपाच्या आत शोधावयास लावतो, आणि ते कदाचित बदललेल्या पाण्यात वा तुटलेल्या रानात असते.

घटपर्णीचे एकदा पिवळे वा जळके झालेले पान बहुधा पुन्हा पूर्ववत होत नाही. नवे पान उलगडून त्याचा घट भरण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून निदान बरोबर होते की नाही याचा निर्णय ज्या पानावरून निदान केले ते पान देत नाही. तो पुढचे पान देते. तोवर निदान करणाऱ्याने दोनच गोष्टी करावयाच्या : जे बदलले ते लिहून ठेवावयाचे, आणि ज्या शब्दांत लिहिले त्या शब्दांनी आपल्याला आधीच काही पढविले नाही ना, हे तपासावयाचे. भाषेच्या अभ्यासकाला या दुसऱ्या कामाची सवय असते, आणि त्या बळावरच प्रस्तुत लेखकाने दुसऱ्या शास्त्राच्या काचगृहात पाऊल टाकले आहे.